गॅरेजातल्या पार्टीसाठी शिकागोचं इटालियन बीफ

जून उजाडला की आमच्या शिकागोच्या उपनगरात गॅरेजांची दारं वर जातात. बारावी झालेल्या पोरांच्या ग्रॅज्युएशन पार्ट्या. आत घडीची टेबलं, त्यांवर प्लॅस्टिकचं कापड, कोपऱ्यात बर्फ भरलेला कूलर, भिंतीवर पोराचे दुपट्यापासूनचे फोटो, आणि एका टोकाला विजेच्या मोठ्या भांड्यात वाफाळणारं इटालियन बीफ. भाजून पातळ कापलेलं बीफ रसात भिजवून पावात घालायचं, असं हे सँडविच. कम्युनियन असो, बाप्तिस्मा असो नाहीतर कुणाच्या मातीनंतरचं जेवण असो, इथल्या माणसाला "काय ठेवू या?" असं विचारलं की हेच नाव पुढे येतं.

मी वसईची, नंदाखालची. बीफ रोस्ट माझ्यासाठी नवं नाही. नाताळला आई मिरी, लवंग, लसूण आणि शिरका लावून करायची, जाड पातेल्यात, निखाऱ्यावर. पण शिकागोचं हे प्रकरण वेगळंच निघालं. पहिल्यांदा कुणाच्या तरी गॅरेजात ते हातात आलं तेव्हा वाटलं, पाव असा चिंब का? कुणी पाण्यात पाडला की काय? मग घास घेतला आणि मिसळ आठवली. कट प्यालेला पाव जसा तोंडात विरघळतो आणि वरून झणका येतो, तसंच. फक्त कटाऐवजी बीफचा पातळ रस आणि फरसाणाऐवजी तेलातलं मिरचीचं लोणचं.

हे सगळं आलं गरिबीतून. शिकागोत १८६५ पासून १९७१ पर्यंत युनियन स्टॉक यार्ड्स नावाचा गुरांचा अवाढव्य बाजार आणि त्याला लागून कत्तलखाने होते. तिथे राबणाऱ्या इटालियन कामगारांच्या वाट्याला चिवट, स्वस्तातला भाग यायचा. तो भाजून, कागदासारखा पातळ कापून, रसात बुडवून पावात घातला की थोडक्या मांसात लग्नाची पंगत उठायची. अशा लग्नांना इथे 'शेंगदाण्याची लग्नं' म्हणायचे, कारण पाहुण्यांपुढे बाकी काय, तर शेंगदाणे. पुढे त्याची दुकानं झाली. टेलर स्ट्रीटवरचं अल्स बीफ आपली सुरुवात १९३८ ची सांगतं. पातळ कापणं हा नखरा नव्हता, पुरवठ्याला येण्याची युक्ती होती. ही गोष्ट डोक्यात ठेवलीत तर पुढची निम्मी कृती आपोआप समजेल.

मला समजायला एक फजिती लागली. मुलाच्या कम्युनियनला मी पहिल्यांदा हे घरी केलं. आई रोस्ट कापायची तसं बोटभर जाड कापलं, रसासकट स्लो कुकरमध्ये, म्हणजे त्याच विजेच्या भांड्यात टाकलं, बटण 'हाय'वर ठेवलं आणि चर्चला गेलो. चार तासांनी झाकण काढलं तर आत तपकिरी वाती वळून पडलेल्या. चावता चावत नव्हत्या. पाहुणे भले, "छान झालंय" म्हणत चावत राहिले. माझ्या दिराने मात्र तोंडातला घास हळूच नॅपकिनमध्ये घेतलेला मी पाहिला.

शेजारच्या आजी इटालियन, त्यांचे आईवडील तिकडून आलेले. दुसऱ्या दिवशी कुंपणापाशी मी त्यांना रडगाणं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "ग्रेव्हीला उकळी आली होती?" आली होती. "मग संपलं," म्हणाल्या. त्या ज्याला ग्रेव्ही म्हणत होत्या तो आपल्या सारासारखा पातळ रस. इथली सगळी बीफची दुकानं त्याला ग्रेव्हीच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणणार आहे. दाट रस्सा डोळ्यापुढे आणू नका.

उकळीचं कारण असं. या सँडविचला मांडीचा भाग घेतात, टॉप राउंड किंवा सरलॉइन टिप. त्यात चरबी कमी आणि शिजून मऊ होणारा चिकट भागही कमी. साठ-पासष्ट अंश सेल्सिअसच्या वर गेलं की त्याचे धागे आवळतात आणि आतलं पाणी पिळून बाहेर टाकतात. खांद्याचा तुकडा, ज्याला इथे चक म्हणतात, तो चार तास शिजवला तर लोण्यासारखा उसवतो. मांडीचा तुकडा चार तास शिजवला तर फक्त वाळतो. मी मांडीला खांद्यासारखं वागवलं, एवढंच चुकलं होतं.

आता प्रमाण. चार पाउंडाचा, म्हणजे पावणेदोन किलोच्या आसपासचा एक तुकडा धरा. भाजून त्यातलं पाव वजन जातं. सँडविचला सव्वाशे ग्रॅम धरले तर एका तुकड्यात दहा-अकरा होतात. पंचवीस माणसांच्या पार्टीला मी असे तीन तुकडे घेते, कारण अठरा वर्षांची पोरं एकावर थांबत नाहीत. एकच बारा पाउंडाचा धोंडा आणू नका. तो बाहेरून करपतो, आतून कच्चा राहतो आणि घरच्या सुरीखाली येत नाही.

तीन-चार दिवस आधी: जार्डिनेरा

हे म्हणजे भाज्यांचं तिखट लोणचं. इटलीत ते व्हिनेगरात असतं, शिकागोत तेलात. बाटलीतलं विकत मिळतं आणि चांगलं असतं, घाईत असाल तर तेच आणा. घरी करायचं तर सात-आठ सेरानो मिरच्यांच्या बियांसकट चकत्या, दोन गाजरं, सेलरीच्या दोन काड्या, एक लाल ढोबळी मिरची आणि अर्ध्या लहान फ्लॉवरचे तुरे. सगळं बोटाच्या पेराहून लहान कापायचं, मोठे तुकडे सँडविचमधून टपाटप खाली पडतात. भाज्या बुडतील एवढ्या पाण्यात अर्धी वाटी मीठ घालून रात्रभर ठेवायच्या. सकाळी पाणी काढून, धुऊन, चांगल्या निथळायच्या. मग एक कप पांढरं व्हिनेगर, एक कप साधं तेल, चमचाभर ओरेगॅनो, थोडी मिरी, मूठभर हिरव्या ऑलिव्हचे काप. कालवून बरणीत भरायचं आणि फ्रिजमध्ये ठेवायचं. दोन दिवसांनी तिखट भाज्यांतून तेलात उतरतं, तेव्हा ते खायच्या लायकीचं होतं.

आपण कैरीचं लोणचं फडताळात ठेवतो तशी ही बरणी बाहेर ठेवू नका. आपल्या लोणच्यात मीठ आणि आंबटपणा रग्गड असतो, त्यावर ते टिकतं. याच्यात मीठ धुऊन गेलेलं असतं आणि तेलाखाली हवा पोचत नाही. अशा ठिकाणी, विशेषतः लसूण घातला असेल तर, बोट्युलिझमचं विष तयार होण्याची भीती असते. मी दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करते, त्यामुळे या बाबतीत जरा जास्तच कटकट करते. लसूण मी यात घालतच नाही. फ्रिजमध्ये दोन आठवडे, मग टाकून द्यायचं.

ज्यांना तिखट नको त्यांच्यासाठी गोड मिरच्या. हिरव्या ढोबळी मिरचीच्या लांब पट्ट्या, ऑलिव्ह तेल, मीठ, ओव्हनमध्ये मऊ होऊन कडा काळ्या पडेपर्यंत. यात सांगण्यासारखं आणखी काही नाही.

आदल्या दिवशी: भाजणं

आदल्या दिवशी, हे दोनदा वाचा. गरम रोस्ट पातळ कापता येत नाही. त्याचा चुरा होतो, धागे सुटतात, रस पाटावर वाहून जातो. पार्टीच्या सकाळी भाजायला घेतलंत तर सँडविच होईल, पण इटालियन बीफ होणार नाही.

एका तुकड्याला चार छोटे चमचे जाडं मीठ, दोन चमचे नुकती कुटलेली मिरी, एक मोठा चमचा वाळका ओरेगॅनो, दोन छोटे चमचे बेझिल, दोन लसूण पावडर, एक कांदा पावडर आणि एक लाल मिरचीचे फ्लेक्स. हे सगळं चोळायचं. शिवाय मी सुरीच्या टोकाने पाच-सहा भोकं पाडून त्यात लसणाच्या पाकळ्या खुपसते. ही आईची सवय, शेजारच्या आजींनाही ती पसंत पडली. गरम मसाल्याला मात्र हात लावू नका. मी एकदा 'जरासा' म्हणून घातला होता. वाईट नाही झालं, पण ते आमच्या नाताळचं रोस्ट झालं आणि जार्डिनेराशी त्याचं जमेना.

खोल ट्रेमध्ये जाळी, जाळीवर तुकडा, चरबीची बाजू वर. खाली ट्रेमध्ये दीड लिटर बीफ स्टॉक, बिनमिठाचा. बिनमिठाचाच, कारण ओव्हनमध्ये तो आटतो, वरून मसाल्याचं मीठ त्यात ठिबकतं, आणि खारट ग्रेव्हीला दुसऱ्या दिवशी काही औषध नसतं. स्टॉकमध्ये एक कांदा आणि दोन तमालपत्रं. तुकडा रसात बुडता कामा नये, वर कोरडाच राहिला पाहिजे. जे काही ठिबकेल ते खाली पडून ग्रेव्ही होत जाते. अर्ध्या-पाऊण तासाने पाहा, रस फार आटला असेल तर कपभर गरम पाणी घाला.

ओव्हन ३२५ फॅरनहाइट, म्हणजे १६० सेल्सिअसला थोडं वर. चार पाउंडाला दीड ते पावणेदोन तास लागतात, तीन तुकडे एकदम ठेवले तर जास्त. पण घड्याळावर जाऊ नका. मांसात खुपसायचा थर्मामीटर पंधरा-वीस डॉलरला मिळतो, तो घ्या. तुकड्याच्या मधोमध १४० फॅरनहाइट, म्हणजे ६० सेल्सिअस दिसलं की बाहेर काढायचं. बाहेर ठेवल्यावरही आतलं तापमान चार-पाच अंश चढतं आणि १४५ ला पोचतं. इथल्या सरकारी अन्नसुरक्षेचा अख्ख्या तुकड्यासाठीचा आकडा तोच आहे, वर तीन मिनिटं विसावा. तो चढला नाही तर पुन्हा पाच मिनिटं आत. लालगुलाबी रोस्ट बीफच्या फोटोंशी याची तुलना नको. इटालियन बीफ शेवटी तपकिरीच दिसतं, त्याला रंगाचं कौतुक नाही.

अर्धा-पाऊण तास निवू द्यायचं, मग फॉइलमध्ये गुंडाळून फ्रिजमध्ये. निवायला ठेवून झोपी जाऊ नका, दोन तासांच्या आत ते फ्रिजमध्ये गेलं पाहिजे. ट्रेच्या तळाला चिकटलेलं तपकिरी खरवड लाकडी चमच्याने खरवडून रसात मिसळा, चव त्यातच आहे. रस गाळून पसरट भांड्यात घाला म्हणजे लवकर निवेल, आणि तोही फ्रिजमध्ये. सकाळी त्यावर चरबीची पांढरी साय धरलेली असते. आजी ती अर्धी काढायच्या आणि अर्धी ठेवायच्या. मीही तसंच करते. सगळी काढली तर ग्रेव्ही औषधी काढ्यासारखी लागते, सगळी ठेवली तर ओठांना मेण चढतं.

कापणं

सगळा खेळ इथे आहे, म्हणून जरा थांबून सांगते.

थंड तुकडा पाटावर ठेवा आणि त्याच्याकडे नीट बघा. एका बाजूने रेषा दिसतील, विणलेल्या दोरीसारख्या, एकाच दिशेने गेलेल्या. त्या मांसाच्या धाग्यांच्या रेषा. सुरी त्यांना आडवी चालली पाहिजे. रेषेच्या दिशेने कापलंत तर प्रत्येक कापात लांबच्या लांब धागे राहतात आणि सँडविचचा घास तोडताना अख्खा काप बाहेर ओढला जातो, हनुवटीवरून रस, हातात रिकामा पाव. आडवं कापलं की धागे चिमूटभर लांबीचे उरतात आणि दातांना काम राहत नाही. टॉप राउंडमध्ये रेषा कधी कधी मध्येच वळतात. वळल्या की तुकडाही वळवायचा.

जाडी किती? काप खिडकीसमोर धरला तर पलीकडचा उजेड झिरपून यावा. आमच्याकडे स्लायसर आहे, एका गॅरेज सेलमध्ये नवऱ्याने हौसेने घेतला. तो जाडीचा आकडा एकवर ठेवतो आणि काप एकावर एक गळत जातात, साडीच्या निऱ्यांसारखे. स्लायसरला जे ढकलणं दिलेलं असतं तेच वापरा, हाताने ढकलू नका. नवऱ्याच्या अंगठ्याचं नख अजून वाकडं वाढतं.

स्लायसर नसेल तर तुकडा फ्रीझरमध्ये पाऊण ते एक तास ठेवा. दगड करायचा नाही, फक्त वरचा थर घट्ट व्हावा. मग घरातली सगळ्यांत लांब आणि धारदार सुरी घेऊन दाबून नव्हे, करवतीसारखी लांब ओढत कापा. मशीनइतकं पातळ येणार नाही, दीड-दोन मिलिमीटर आलं तरी भागतं. तुकडे-तुकडे झाले तरी चालतात, जाड चालत नाही. दुकानातून कापून आणू अशी आशा धरू नका. मी एकदा घरचं रोस्ट घेऊन एका किराणा दुकानाच्या डेली काउंटरवर, जिथे मांस आणि चीज कापून देतात तिथे, गेले होते. काउंटरवरच्या मुलाने हात जोडायचेच बाकी ठेवले. बाहेरचं मांस त्यांच्या मशीनवर चालत नाही. लॅबमध्ये कुणी घरून सॅम्पल आणलं तर मीही हेच म्हणेन, त्यामुळे निमूट परत आले.

काप डब्यात भरून, झाकून पुन्हा फ्रिजमध्ये. ते ग्रेव्हीत घालायचे पाहुणे आल्यावर, आधी नाही.

पाव

इथे माझी दुसरी फजिती. एकदा मऊ बर्गरचे बन आणले होते. ग्रेव्ही लागताच त्यांची लापशी झाली, लोकांनी चमच्याने खाल्लं. हवा तो लांबट, वरून जरा चिवट, आतून पोकळसर असा इटालियन रोल. शिकागोत यासाठी दोन नावं सगळ्यांच्या तोंडी: गोनेला, १८८६ ची बेकरी, आणि बर्विनची टुरानो, १९६२ ची. दोन्हींचे रोल किराणा दुकानात मिळतात. पावसाळ्यात एका बाजूने भिजून दुसऱ्या बाजूने कोरडं राहणारं जाड घोंगडं असतं ना, पाव तसा पाहिजे. फार कडक फ्रेंच बॅगेटही नको, ती टाळू सोलते. सहा इंचांचे तुकडे करून एका बाजूने चिरा, दुसरी बाजू जोडलेली ठेवा. भाजायचा नाही, लोणी लावायचं नाही.

पार्टीच्या वेळी

ग्रेव्ही मोठ्या पातेल्यात एकदा चांगली उकळून घ्या. मांस अजून आत नाही, त्यामुळे ही उकळी चालते. चव बघा. कमी वाटली तर थोडा स्टॉक आणि ओरेगॅनो. मग ती स्लो कुकरमध्ये ओता. झाकणाखाली वाफ यावी, कडेला एखादा बुडबुडा दिसला तर दिसला, खळखळ नको. ७० ते ८० सेल्सिअसच्या मध्ये ठेवते मी. साठच्या खाली गेलेलं गरम अन्न तासन् तास मांडून ठेवणं बरं नाही, म्हणून थर्मामीटर जवळच असतो.

आता आठ-दहा सँडविचांपुरते काप चिमट्याने सोडवून आत सोडा. चिकटलेला गठ्ठा तसाच टाकू नका, मधले काप थंडच राहतात. दोन-तीन मिनिटांत सगळे गरम होतात, कडा किंचित मुरडतात. एवढंच. ते संपत आले की पुढची खेप. बाकीचे काप तोवर फ्रिजमध्ये किंवा कूलरमध्ये बर्फावर. यजमानाला दर वीस मिनिटांनी उठावं लागतं, पण शेवटच्या पाहुण्यालाही पहिल्यासारखं मिळतं. मी हे काम पुतण्याला लावते आणि त्याला गळ्यात घालायला एप्रन देते, मग त्याला तो मान वाटतो.

पाहुण्याला विचारायचे प्रश्न दोन. पहिला: ड्राय, वेट की डिप्ड? ड्राय म्हणजे मांस चिमट्याने झटकून पावात. वेट म्हणजे वरून पळीभर ग्रेव्ही. डिप्ड म्हणजे भरलेलं अख्खं सँडविच चिमट्यात धरून ग्रेव्हीत बुचकळायचं. दुसरा: हॉट की स्वीट? हॉट म्हणजे जार्डिनेरा, स्वीट म्हणजे भाजलेल्या ढोबळी मिरच्या. दोन्ही मागणारे शहाणे. कुणी चीजही मागतं, मी देते, पण मनातून नाही.

डिप करताना असं करा. जार्डिनेरा आधी घालू नका, नाहीतर भाज्या ग्रेव्हीत पोहायला लागतात आणि कुणा लहान पोराच्या वाट्याला मिरची येते. पावात मांस भरा, चिरेची बाजू वर ठेवून पोटाला चिमटा लावा, एक-दोन म्हणेपर्यंत बुडवा, उचला, पातेल्यावरच एक क्षण निथळू द्या. पाव तुमच्या डोळ्यांदेखत गडद होतो आणि जड होतो. लगेच जाड कागदात ठेवून वर जार्डिनेरा, तेलासकट. कागदी प्लेट एकाखाली एक अशा दोन द्या. एक पुरत नाही.

बीफ न खाणारे

आमच्या पार्टीला निम्मी मंडळी मराठी मंडळाची. त्यांत बरेच बीफ खात नाहीत, काही अंडंही नाही. हे आमंत्रणातच स्पष्ट लिहायचं आणि टेबलंही वेगळी मांडायची, गॅरेजच्या दोन टोकांना. चिमटे, पाट, सुऱ्या वेगळ्या. जार्डिनेराच्या बरण्या दोन आणि चमचेही दोन, कारण एकच बरणी असली की बीफच्या रसाचा चमचा तिच्यात जाणारच. मोठ्या अक्षरांत पाट्या लावा. एका मैत्रिणीची आई पुण्याहून आली होती. गॅरेजात शिरताच त्यांनी आधी पाट्या वाचल्या, मग माझ्याकडे बघून मान डोलावली आणि मग खुर्ची घेतली. काकूंची ती मान मला सगळ्या "छान झालंय"पेक्षा मोलाची वाटली.

त्यांना द्यायचं काय, याचं उत्तर शिकागोच्या बीफवाल्यांनीच देऊन ठेवलंय. ईस्टरआधीच्या उपवासकाळात शुक्रवारी कॅथलिक माणूस मांस खात नाही, म्हणून इथली दुकानं पेपर-अँड-एग सँडविच विकतात. सहा सँडविचांना तीन ढोबळी मिरच्यांच्या पट्ट्या ऑलिव्ह तेलात मऊ करायच्या, दहा अंडी फेटून ओतायची, मीठ-मिरी, आणि गोळे होऊ न देता मोठमोठ्या घड्यांनी परतायचं. तोच पाव, तोच जार्डिनेरा. आमच्या उपवासकाळाची सोय हिंदू मैत्रिणींच्या कामी येते. अंडं नको असलेल्यांना भाजलेल्या मिरच्या, प्रोव्होलोन चीज आणि जार्डिनेरा. काकूंनी दोन खाल्ली.

महाराष्ट्रात करायचं असेल तर कायदा लक्षात ठेवा. २०१५ च्या दुरुस्तीपासून गाईबरोबर बैल आणि वळूही बंद आहेत, म्हशीचं चालतं. माझी बहीण वसईत म्हशीचं अंडरकट घेऊन करते. त्यात चरबी जवळजवळ नसते, म्हणून ती ट्रे फॉइलने झाकून भाजते आणि ग्रेव्हीत चमचाभर लोणी सोडते. तुकडा बारीक असतो, त्यामुळे पाऊण तासापासूनच थर्मामीटर लावत राहते. पाव बेकरीतला कडक ब्रून घेते. डिप्ड होत नाही, वेटवर भागवते.

खाताना टेबलापासून पाऊलभर मागे उभे राहा, दोन्ही कोपरे टेबलावर टेका, पाय मागे आणि मान पुढे. इथे याला इटालियन स्टान्स म्हणतात. ठिबकतं ते कागदावर ठिबकतं, शर्टावर नाही. मुलाच्या पार्टीला आमचे फादर पांढरा शर्ट घालून आले होते. त्यांना मी ही पद्धत सांगितली, ते हसले आणि खुर्चीत ताठ बसून डिप्ड, हॉट खाल्लं. संध्याकाळच्या मिस्साला त्यांच्या झग्याच्या आत तो नारिंगी डाग होता, हे फक्त मला आणि त्यांना माहीत.

उरलेले काप ग्रेव्हीतून काढून वेगळे ठेवा, तीन-चार दिवसांत संपवा. ग्रेव्ही फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने राहते. आमच्याकडे मात्र ती सोमवारपलीकडे पोचत नाही. नवरा सकाळी ती वाटीत गरम करतो, त्यात शिळा रोल बुडवतो आणि वर जार्डिनेराचं तळाचं तेल.